फोटोओळीत छायाचित्र कसे झाले तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समकालीन छायाचित्रणावर मराठी वर्तमानपत्रांत आता बऱ्यापैकी लिहून येते. जगभरच्या प्रदर्शनांची दखल घेतली जाते, पुरवणीत कधीकधी अर्धे पान छायाचित्रांना मिळते. लेख वाचनीय असतात. कमी पडते ती फोटोओळ. छायाचित्रकाराचे नाव आणि एखादे भावपूर्ण वाक्य, एवढ्यावर ती आटोपते. छायाचित्र कुठले, कोणत्या वर्षीचे, घडताना टिपलेले की मांडून घेतलेले, नंतर त्यात काय काढले किंवा घातले, मूळ प्रिंट कशावर आहे, यातले काहीच तिथे नसते. डॉक्युमेंटरी (घडते ते जसेच्या तसे नोंदवणाऱ्या) आणि कलात्मक छायाचित्रणाच्या सीमा आज इतक्या एकमेकींत शिरल्या आहेत की ही माहिती नसेल तर वाचकाला चित्र दिसते, पण ते कशाचे चित्र आहे हे कळत नाही. म्हणून ही विनंती.

फोटोओळीची किंमत काय असते ते २०१५ साली वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत दिसले. इटलीचे जोव्हानी त्रोइलो यांच्या बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावरच्या मालिकेला पहिले पारितोषिक मिळाले आणि महिन्याच्या आत ते काढून घेण्यात आले. मालिकेतली काही दृश्ये मांडून घेतलेली होती आणि त्यावर बराच वाद झाला. पण पारितोषिक गेले ते त्या मांडणीमुळे नव्हे, संगणकावरच्या फेरफारामुळेही नव्हे. एक छायाचित्र ब्रसेल्सच्या मोलेनबेक भागात काढलेले होते आणि ओळीत शार्लरुआ लिहिले होते. चित्रातला एकही बिंदू न बदलता ते खोटे ठरले.

त्याआधी २०१० मध्ये युक्रेनचे स्तेपान रुदिक यांचे पारितोषिक रद्द झाले, ते प्रकरण उलट बाजूचे. त्यांनी मूळ फ्रेम खूप कापली होती, रंग काढून तिला कृष्णधवल केले होते, दाणेदार आणि गडद केले होते. परीक्षकांना यातले काही खटकले नाही. खटकले ते एवढेच, की पट्टी बांधल्या जाणाऱ्या हाताच्या बोटांमधून मागे दिसणारा दुसऱ्या माणसाच्या पायाचा छोटासा तुकडा पुसला होता. अनेकांना हा निकाल विचित्र वाटला, मला तो योग्य वाटतो. छटा बदलणे हा अर्थ लावण्याचा भाग आहे, तर समोर असलेली वस्तू नाहीशी करणे हा साक्ष बदलण्याचा. पण ही रेषाही पुरती सरळ नाही. २०१५ च्या स्पर्धेत उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या छायाचित्रांपैकी २० टक्के बाद झाली आणि त्यांतली काही सावल्या इतक्या काळ्या केल्यामुळे, की त्यांतल्या वस्तूच दिसेनाशा झाल्या. क्लोनच्या अवजाराने (चित्राचा एक भाग दुसऱ्यावर चिकटवून) पुसा किंवा काळोखात बुडवा, डॉक्युमेंटरी छायाचित्रात परिणाम एकच.

ही तपासणी कशी होते हे पुरवणीच्या संपादकांनी समजून घेण्यासारखे आहे, कारण ती कोणत्याही कार्यालयात करता येते. अंतिम टप्प्यात आलेल्या छायाचित्रासाठी कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल मागतात आणि सोबत त्या फ्रेमच्या आधीच्या किमान ३ आणि नंतरच्या किमान ३ फ्रेम. मूळ फाइल आणि पाठवलेले चित्र एकावर एक ठेवले की काय काढले, काय घातले ते उघड होते. आधीच्या-नंतरच्या फ्रेमवरून प्रसंग घडत होता की घडवला जात होता, याचा अंदाज येतो. तीच मुद्रा, तोच प्रकाश आणि पायांची तीच जागा सातही फ्रेममध्ये असेल, तर छायाचित्रकाराला प्रश्न विचारायला हवा. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ च्या अखेरीस बाहेरच्या छायाचित्रकारांना रॉ फाइलवरून (कॅमेऱ्यातल्या कच्च्या, प्रक्रिया न झालेल्या नोंदीवरून) तयार केलेली चित्रे न पाठवता कॅमेऱ्यातच बनलेली जेपेग, म्हणजे तयार चित्राची फाइल, पाठवायला सांगितले. वेग आणि विश्वास, दोन्हींसाठी. वेगाचे कारण पटते. विश्वासाचे तितकेसे नाही, कारण जेपेगसुद्धा कॅमेऱ्याने परस्पर लावलेला अर्थच असतो, आणि रॉ जपलेली नसेल तर पुढे तपासायला काही उरत नाही.

कलात्मक छायाचित्रणात मात्र हाच फेरफार कामाचा गाभा असू शकतो. आंद्रेआस गुर्स्की यांचे १९९९ चे ‘ऱ्हाइन २’ हे नदी, गवत आणि आकाशाच्या आडव्या पट्ट्यांचे छायाचित्र २०११ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ४३ लाख डॉलरला विकले गेले. त्यातली पलीकडच्या काठावरची इमारत आणि कुत्री फिरवणारी माणसे संगणकावर काढून टाकलेली आहेत. जेफ वॉल यांचे १९९३ चे वाऱ्याने कागद उडतानाचे प्रसिद्ध चित्र जपानी चित्रकार होकुसाईच्या लाकडी ठशावरून छापलेल्या चित्रावर आधारलेले आहे. वर्षाहून अधिक काळात काढलेली शंभराहून जास्त छायाचित्रे त्यात सांधलेली आहेत आणि ते मागून उजळलेल्या पेटीत दाखवले जाते. यात फसवणूक नाही, कारण कलाकाराने काहीही लपवलेले नाही. फसवणूक होते ती वर्तमानपत्रात हे चित्र ‘ऱ्हाइन नदीचा शांत किनारा’ अशा ओळीने छापले की. त्याऐवजी असे लिहिले तर: ‘आंद्रेआस गुर्स्की, ऱ्हाइन २, १९९९. रंगीत क्रोमोजेनिक प्रिंट, ६ प्रतींची एडिशन. पलीकडच्या काठावरची इमारत व माणसे डिजिटल पद्धतीने काढलेली.’ दीड ओळ जास्त लागते, आणि वाचक ते चित्र पुन्हा एकदा, वेगळ्या नजरेने पाहतो.

डॉक्युमेंटरी आणि कला यांच्या सीमेवरच्या कामांत ही गरज आणखी वाढते. स्पेनच्या क्रिस्टिना द मिडेल यांनी २०१२ मध्ये झांबियाच्या १९६० च्या दशकातल्या अवकाश मोहिमेच्या स्वप्नावर मालिका केली. घटना खरी, दृश्ये पूर्ण मांडलेली. गौरी गिल यांच्या जव्हार परिसरातल्या मुखवट्यांच्या मालिकेत गावातली माणसे कागदाच्या लगद्याचे मुखवटे घालून रोजची कामे करताना दिसतात. ते मुखवटे सुभाष आणि भगवान धर्मा कडू यांच्यासह तिथल्या आदिवासी कलाकारांनी बनवले आहेत. तिथे फोटोओळीत मुखवटे करणाऱ्यांचा उल्लेख नसेल तर ती ओळ अपुरीच नाही, अन्यायाची आहे.

२०२१ साली नॉर्वेचे योनास बेंडिक्सेन यांनी केलेला प्रयोग या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उत्तर मॅसेडोनियातले वेलेस हे गाव २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी खोट्या बातम्यांच्या संकेतस्थळांसाठी बदनाम झाले होते. बेंडिक्सेन तिथे गेले, रिकाम्या खोल्या आणि रस्ते कॅमेऱ्याने टिपले. मग त्या जागा संगणकावर त्रिमितीत उभ्या केल्या, त्यांत संगणकावर घडवलेली माणसे आणि अस्वले ठेवली, प्रकाशाची दिशा जुळवली आणि परत सपाट छायाचित्रे काढली. पुस्तकातला मजकूरही जीपीटी-२ या आपोआप मजकूर लिहिणाऱ्या भाषा प्रारूपाकडून लिहून घेतला. पुस्तक निघाले, कौतुक झाले, फ्रान्समधल्या पर्पिन्यांच्या नामवंत छायापत्रकारिता महोत्सवात ते पडद्यावर दाखवले गेले. कुणीही ओळखले नाही. शेवटी त्यांनी स्वतःच खोटे फेसबुक खाते काढून स्वतःवर आरोप केला, तेव्हा प्रकरण उघडकीस आले. जगातली सर्वांत सरावलेली नजर ओळखू शकली नाही, तर ‘नीट पाहिले की कळतेच’ या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. वर सांगितलेली साधी मागणी मात्र इथे चालली असती. त्या खोल्यांच्या रॉ फाइल त्यांच्याकडे होत्या, पण त्या माणसांसह आधीची आणि नंतरची फ्रेम असणे शक्यच नव्हते.

दोन वर्षांनी, एप्रिल २०२३ मध्ये, जर्मनीचे बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कार नाकारला, कारण निवडलेले चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले होते. त्यानंतर सगळ्यांचे लक्ष कॅमेऱ्यातच सही करण्याच्या तंत्राकडे वळले. सीटूपीए (C2PA) या, चित्राचा उगम नोंदवणाऱ्या मानकानुसार कॅमेरा चित्र साठवताना फाइलचा गणिती ठसा काढतो आणि आतल्या प्रमाणपत्राने त्यावर शिक्का मारतो. पुढे कुणी फाइल बदलली तर ठसा जुळत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला लायका एम११-पी हा ही सोय असलेला पहिला कॅमेरा. हे तंत्र उपयोगी आहे, पण त्याच्याकडून काय मागायचे ते ठरवून घ्यावे. ही फाइल या कॅमेऱ्यातून निघाली आणि नंतर काय बदलले, एवढेच ते सांगते. समोरचा प्रसंग मांडलेला होता का, किंवा कॅमेरा एखाद्या पडद्यावरच्या चित्राकडेच रोखलेला होता का, हे त्याला कळत नाही. २०२५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरच्या (अनेक चित्रे एकाच फ्रेममध्ये मिसळण्याच्या सोयीच्या) वाटेने बाहेरच्या चित्रावरही सही मिळवता येते असे दिसले आणि कंपनीला दिलेली प्रमाणपत्रे रद्द करावी लागली. तंत्राची सही मूळ फाइल मागण्याला पर्याय नाही.

आता छपाईकडे येतो. इथे चूक छायाचित्रकाराची नसते, पानाची असते.

वर्तमानपत्राच्या छपाईचे आंतरराष्ट्रीय मानक काही आकडे देते: चित्र ज्या बिंदूंनी छापले जाते त्यांच्या जाळीची घनता सेंटीमीटरला ४० ओळी, चारही शाया मिळून एकूण शाई जास्तीत जास्त २४० टक्के, बिंदूची वाढ २६ टक्के. म्हणजे प्लेटवर ५० टक्के असलेला बिंदू कागदावर ७६ टक्क्यांइतका दिसतो. उजळपणाच्या ० ते १०० या मापावर न्यूजप्रिंटचा, म्हणजे वर्तमानपत्री कागदाचा, पांढरा साधारण ८२ वर असतो आणि शाईचा काळा ३६ च्या आसपास. चांगल्या सुती कागदावरच्या किंवा सिल्व्हर जिलेटिन (डार्करूममध्ये चांदीच्या क्षारांच्या कागदावर केलेल्या) प्रिंटमधल्या छटांचा निम्म्याहून थोडाच अधिक पल्ला उरतो, आणि सर्वांत जास्त मार बसतो तो गडद छटांना. मग पान लावणारे सावल्या ‘उघडतात’, म्हणजे उजळ करतात, बहुधा एका कळीने.

एखाद्या सभेच्या छायाचित्रात हे चालेल. दक्षिण आफ्रिकेतल्या झानेले मुहोली यांच्या २०१२ पासूनच्या आत्मचित्रांत ते अजिबात चालत नाही. तिथे कॉन्ट्रास्ट वाढवून त्वचेचा काळा रंग मुद्दाम गहिरा केला आहे आणि डोळ्यांचे पांढरे त्यातून आपल्यावर रोखलेले आहे. सावली उघडली की त्वचा करडी होते आणि मुहोली यांनी विचारपूर्वक केलेली कृती पानावर उलटी फिरते. डावूद बे यांची २०१७ ची मालिका याहून अवघड. गुलामगिरीतून निसटून उत्तरेकडे जाणाऱ्यांच्या वाटेवरच्या, अमेरिकेतल्या ओहायोमधल्या जागा त्यांनी दिवसाच्या उजेडात टिपल्या आणि रात्रीइतक्या गडद छापल्या. ४४ बाय ५५ इंचाच्या आसपासच्या त्या प्रिंटसमोर डोळे सरावेपर्यंत थांबावे लागते, तेव्हा कुंपण, झाडी, घर दिसू लागते. पळणाऱ्या माणसाला ते तसेच दिसले असणार. पानावर त्या सावल्या उघडल्या तर उरते एक दुपारचे कुंपण.

अशा चित्रांसाठी करता येते ते असे. फाइल आरजीबीमधून (पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतून) थेट छपाईच्या सर्वसाधारण सेटिंगला न नेता न्यूजप्रिंटच्या प्रोफाइलने (त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणाऱ्या फाइलने), ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन (चित्रातला सर्वांत गडद काळा छपाईच्या काळ्याशी जुळवणारी सोय) चालू ठेवून बदलावी आणि पडद्यावर कागदाचा रंग दाखवणारा सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचा पडद्यावरचा नमुना, पाहावा. स्वयंचलित दुरुस्ती बंद ठेवावी. छटा हाताने वळवायच्या, तर गडद छटांमधले एकमेकींचे अंतर राखायचे, सगळ्यांना वर उचलायचे नाही. कृष्णधवल चित्र फक्त काळ्या शाईत छापले तर काळा फिका पडतो. चारही शायांत छापले तर काळा भरतो, पण शायांची एकमेकींवरची जुळणी केसभर हलली की निळसर किंवा तांबूस झाक येते. मधला मार्ग म्हणजे चित्राचा सगळा सांगाडा काळ्या शाईत आणि बाकीच्या तीन शाया फक्त सर्वांत गडद भागात. २४० टक्क्यांच्या वर गेलात तर शाई वाळत नाही, समोरच्या पानावर उमटते आणि मागचा मजकूर घाण होतो. चित्राचे रिझोल्यूशन जाळीच्या दुप्पट पुरते: इंचाला १०० ओळी (सेंटीमीटरला ४० म्हणजे साधारण तेवढ्याच) असतील तर २०० पिक्सेल, म्हणजे १६ सेंटीमीटर रुंदीला सुमारे १२६० पिक्सेल. त्याहून मोठी फाइल काही सुधारत नाही. आणि एवढे करूनही चित्र टिकत नसेल तर त्याच मालिकेतले दुसरे निवडावे. बे यांची चित्रे न्यूजप्रिंटवर छापूच नयेत असे माझे मत आहे. गुळगुळीत कागदाच्या पुरवणीत जागा असेल तर तिथे, नाहीतर त्यांच्याविषयी नुसते लिहावे.

रंगांतही हाच धोका आहे. आयर्लंडचे रिचर्ड मॉस यांनी पूर्व काँगोतल्या युद्धाची छायाचित्रे कोडॅकच्या एरोक्रोम या इन्फ्रारेड (अवरक्त) फिल्मवर काढली, तिचे उत्पादन २००९ मध्ये थांबले होते. या फिल्मचे तीन थर हिरवा, लाल आणि अवरक्त प्रकाश पकडतात आणि ते अनुक्रमे निळे, हिरवे आणि लाल दिसतात. निळा प्रकाश अडवायला भिंगावर पिवळा फिल्टर लागतो. जिवंत पान अवरक्त प्रकाश भरपूर परतवते म्हणून सगळे जंगल गुलाबी होते, रंगवलेला आडोसा मात्र होत नाही. लष्कराने ही फिल्म छुपे तळ शोधायला वापरली ती याच गुणामुळे, आणि मॉस यांनी ती दुर्लक्षित युद्धाकडे वळवली तीही त्यामुळेच. फोटोओळीत फिल्मचे नाव नसेल तर वाचकाला ही संगणकावरची करामत वाटते, आणि मग डोंगरावर उभा असलेला सैनिकही खोटा वाटू लागतो. पान लावताना ‘रंग बिघडलाय’ म्हणून कुणी व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दुरुस्त केला तर उरलेसुरलेही जाते.

प्रदर्शनांच्या वृत्तांतात प्रिंटची माहिती द्यावी: छायाचित्र काढल्याचे वर्ष, प्रिंट केल्याचे वर्ष, प्रक्रिया, माप, एडिशन. ही वर्षे वेगळी का लिहायची ते २०१२ मध्ये विल्यम एगलस्टन यांच्या प्रकरणात कळले. त्यांच्या जुन्या, मर्यादित डाय ट्रान्सफर प्रिंटमधल्या (रंग थराथराने कागदावर उतरवण्याच्या जुन्या पद्धतीच्या) काही प्रतिमा मोठ्या आकारात पिगमेंट इंकजेटवर, म्हणजे शाईच्या प्रिंटरवर, नव्याने काढून लिलावात विकल्या गेल्या, तेव्हा जुन्या प्रतींच्या एका संग्राहकाने दावा लावला. २०१३ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. नवी प्रक्रिया आणि नवे माप म्हणजे नवी एडिशन धरली गेली. प्रतिमा तीच, वस्तू वेगळी. सेबास्त्याओ सालगादो यांच्या शेवटच्या काळातल्या अनेक सिल्व्हर जिलेटिन प्रिंट तर डिजिटल फाइलवरून फिल्मची निगेटिव्ह काढून डार्करूममध्ये केलेल्या आहेत. नुसते ‘कृष्णधवल छायाचित्र’ म्हणून त्यांचे वर्णन होत नाही.

चित्र कापले असेल तर ओळीत ‘चित्राचा भाग’ असे लिहावे. ॲलेक सॉथ किंवा रिनेके डाइकस्ट्रा यांच्यासारखे मोठ्या फॉरमॅटच्या कॅमेऱ्याने काम करणारे लोक तिपाई लावून, काचेवर उलटी प्रतिमा पाहत, चारही कडा ठरवून चित्र घेतात. तिथे स्तंभाच्या रुंदीसाठी एक बाजू छाटणे म्हणजे लेखकाच्या वाक्यातले क्रियापद काढणे.

श्रेयनामाबद्दलही सैलपणा नको. १९७२ मध्ये व्हिएतनाममध्ये नेपामने भाजून धावणाऱ्या मुलीचे छायाचित्र निक उट यांच्या नावावर पाच दशके होते. ते खरोखर त्यांनीच काढले का, या शंकेवरून मे २०२५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने त्याचे श्रेय स्थगित केले, असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने मात्र ते कायम ठेवले. मूळ फिल्म कोणाच्या कॅमेऱ्यातली, कोणत्या जागेवरून, याचा कागद तेव्हाच नीट झाला असता तर आज रस्त्याची अंतरे मोजत बसावे लागले नसते. ज्यांचे छायाचित्र काढले त्यांचेही तेच. १९८५ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेल्या अफगाण मुलीचे नाव शरबत गुला आहे हे २००२ पर्यंत कुणी नोंदवलेच नव्हते. नाव छापणे धोक्याचे असेल तर छापू नये, पण मग ओळीत ‘नाव सुरक्षेसाठी दिलेले नाही’ असे असावे, म्हणजे विचारलेच नव्हते असा अर्थ होणार नाही.

शेवटी संकेतस्थळ. छायाचित्रकार फाइलमध्येच श्रेय, ओळ, ठिकाण आणि तारीख आयपीटीसी या वृत्तमाध्यमांच्या मानकाच्या रकान्यांत भरून पाठवतात. त्यात आता ‘डिजिटल सोर्स टाइप’ असा रकाना आहे: कॅमेऱ्यातून घेतलेले, अनेक चित्रे सांधलेले, की कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले, हे तिथे ठरावीक संज्ञांत नोंदता येते. पण संकेतस्थळावर चढवताना चित्र लहान करणारी यंत्रणा हे सगळे पुसू शकते. जीडी ही सॉफ्टवेअर लायब्ररी वापरली तर ते जातेच, इमेजमॅजिक या साधनाला ‘स्ट्रिप’चा (जोडलेली माहिती काढण्याचा) आदेश दिला असेल तरीही जाते. त्याबरोबर रंगाचे प्रोफाइलही जाते, आणि ॲडोब आरजीबीमधले (जास्त रंग सामावणाऱ्या पद्धतीतले) चित्र एसआरजीबी (संकेतस्थळांची नेहमीची, कमी रंगांची पद्धत) समजून दाखवले गेल्याने फिके पडते. आपल्या संकेतस्थळावर आज लागलेले कोणतेही छायाचित्र उतरवून एक्झिफटूल या, फाइलमधली नोंद दाखवणाऱ्या साधनात उघडायला सांगावे. श्रेय, ओळ आणि प्रोफाइल तिथे नसतील तर तंत्रविभागाकडून आधी ते थांबवून घ्यावे, आणि चढवताना एसआरजीबीत रूपांतर करून प्रोफाइल जोडूनच फाइल जाईल अशी व्यवस्था करावी. छापील फोटोओळीचा नमुना त्यानंतर आठवडाभरात ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक छायाचित्र-संपादक